शिकवणीचे शुल्क : तीन तासांचे की सहा तासांचे?

केकच्या सजावटीची घरगुती शिकवणी हा विषय या सदरात यावा, अशी सूचना काही भगिनींकडून आली. प्रथमदर्शनी हा विषय पाककलेच्या पानावर शोभावा असा. परंतु क्रीम किती वेळ फेटावे, असे त्यांनी विचारले नव्हते. शिकवण्याचे पैसे किती घ्यावेत आणि ते मागावेत कसे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. प्रश्न हिशेबाचा आहे, म्हणून तो या सदरात घेतला आहे.

वाढदिवसाचा केक पूर्वी बेकरीतून येत असे. ज्या घरांत अंडे वर्ज्य आहे, त्यांना त्या केकविषयी नेहमीच शंका असे. ‘एगलेस’ असे सांगितले जाई. पण भांडी तीच, भट्टी तीच, मग खात्री कोणी द्यावी? यावर आपल्या घरातील मुली-सुनांनी स्वतःच उपाय शोधला. दह्यात खाण्याचा सोडा घालून, किंवा कन्डेन्स्ड मिल्क वापरून त्यांनी बिनअंड्याचा केक जमवला. आधी घरच्यांसाठी, मग शेजाऱ्यांसाठी, आणि हळूहळू ऑर्डरी घेऊन. आज सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे येथेच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही अशा भगिनी भेटतात. त्यांचे काम पाहून एखादी ओळखीची बाई म्हणते, “वहिनी, मलाही शिकवा ना. मी एकटीच येईन, निवांत शिकेन.” खासगी शिकवणीचा आरंभ बहुधा असाच होतो. आणि चूक हिशेबही बहुधा त्याच क्षणी होतो, कारण पुढचा प्रश्न असतो, “किती घ्याल?” आणि त्याचे उत्तर असते, “द्या काय वाटेल ते.”

केक विकणे आणि केक शिकवणे हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. १९२९ साली अमेरिकेत शिकागो येथे ड्यूई मॅकिन्ली विल्टन यांनी सजावटीचे वर्ग सुरू केले. त्या शिकवण्यातूनच पुढे सजावटीच्या साहित्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. आपल्याकडे गुलाबाच्या फुलासाठी ‘१०४ नंबरचे नोझल’ मागतात, तो क्रमांकही त्या परंपरेतून आपल्यापर्यंत आला आहे. सांगायचे ते इतकेच की, शिकवणे ही विक्रीच्या जोडीने दाखवलेली मेहेरबानी नाही. ते स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्याचा हिशेबही स्वतंत्र मांडावा लागतो.

एका वहीची कथा

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका भगिनीने आपली वही मला दाखवली. त्यांच्या यजमानांचे कापडाचे दुकान आहे. अलीकडे ते पूर्वीसारखे चालत नाही. मुलाच्या अभियांत्रिकीच्या शुल्काला हातभार लागावा, म्हणून त्यांनी ऑर्डरींबरोबर खासगी शिकवणीही सुरू केली. तीन तासांचा एक पाठ, शुल्क ८०० रुपये. साहित्य त्यांचेच, आणि तयार झालेला केक विद्यार्थिनी घरी नेणार. वर्षाला सुमारे चाळीस पाठ होत. हात चांगला, स्वभाव मोकळा, त्यामुळे विद्यार्थिनींची वाण नव्हती. तरी वर्षअखेरीस हाती काही राहत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. घरातील वडीलधारी मंडळी म्हणू लागली, “एवढा ओटा अडवून ठेवतेस, त्यातून मिळतं काय? बंद कर.” बंद करावे की चालू ठेवावे, हे त्यांना माझ्याकडून ऐकायचे होते.

मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगितली. पुढील पाठाच्या वेळी घड्याळ पाहून प्रत्येक कामाची मिनिटे वहीत लिहावीत. त्यांनी ती लिहिली. फोनवर ठरवणे, बाजारातून बोर्ड, खोके व क्रीम आणणे यांस ४५ मिनिटे. आदल्या दिवशी स्पंज भाजून गार करून ठेवणे, गोठलेले क्रीम फ्रिजमध्ये सैल होण्यास ठेवणे, रंग व नोझल काढून ठेवणे यांस ६० मिनिटे. पाठाच्या दिवशी टेबल मांडण्यास १५ मिनिटे. प्रत्यक्ष पाठ १८० मिनिटे. त्यानंतर क्रीमने माखलेली भांडी, पिशव्या व ओटा साफ करण्यास ४५ मिनिटे. आणि पुढील आठवड्यात “ताई, माझं क्रीम फाटलं, काय करू?” अशा निरोपांना उत्तरे देण्यास १५ मिनिटे. एकूण ३६० मिनिटे झाली, म्हणजे सहा तास. त्या तीन तासांचे शुल्क घेत होत्या आणि काम सहा तासांचे करीत होत्या.

बँकेत असताना लहान व्यावसायिकांचे कर्जाचे अर्ज माझ्यासमोर येत. त्यांत कच्चा माल, भाडे, वीज सारे काही लिहिलेले असे. स्वतःच्या श्रमाचा रकाना मात्र बहुधा कोरा असे. दुकानदार निदान दुकानात बसतो, म्हणून त्याचे तास इतरांना दिसतात तरी. गृहिणीचे तास घराच्या कामात मिसळून जातात आणि तिचे तिलाही दिसेनासे होतात.

खर्चाचे चार भाग

आता शुल्क कसे ठरवावे ते पाहू. पुढील आकडे त्या भगिनीच्या वहीतील आहेत. वाचकांनी आपापल्या गावचे दर घालावेत; रीत तीच राहील.

पहिला भाग प्रत्यक्ष साहित्याचा. एका पाठासाठी स्पंजचे साहित्य, व्हिपिंग क्रीम, रंग, पायपिंगच्या पिशव्या, बोर्ड व खोके मिळून ४५० रुपये. दुसरा भाग विजेचा. ओव्हन, मिक्सर व फ्रिज यांचे ५० रुपये. हे दोन्ही खर्च पाठ झाला तरच होतात.

तिसरा भाग घसाऱ्याचा. हा खर्च खिशातून त्या दिवशी जात नाही, म्हणून तो विसरला जातो. ओव्हन, हँड मिक्सर, फिरती चकती, नोझलांचा संच, पॅलेट नाइफ यांत त्यांचे २०,००० रुपये गुंतले आहेत. ही सामग्री पाच वर्षे चालेल असे धरले, तर वर्षाला ४,००० रुपये झिजतात. चाळीस पाठांवर विभागले की एका पाठास १०० रुपये. चौथा भाग स्वतः शिकत राहण्याचा. नवी पद्धत शिकण्यासाठी भरलेले शुल्क, सरावात वाया गेलेले साहित्य यांवर त्या वर्षाला सुमारे ४,००० रुपये खर्च करतात. म्हणजे पाठास आणखी १००. चारही भागांची बेरीज ७०० रुपये झाली.

८०० रुपये शुल्कातून ७०० वजा जाता उरले १०० रुपये. ते सहा तासांवर विभागले, तर तासाला १७ रुपयेही पडत नाहीत. वर्षाचे चाळीस पाठ म्हणजे २४० तास, आणि त्याबद्दल हाती येणारी रक्कम ४,००० रुपये. घरची मंडळी म्हणत होती ते अगदीच खोटे नव्हते. मात्र तोटा शिकवणीत नव्हता, आकारणीत होता.

आपल्या तासाचे मोल

यावर त्या भगिनीने रास्त शंका विचारली. “माझ्या तासाचे मोल मी कसे ठरवायचे? मी काही पगारदार नाही.” वाणिज्य शाखेत याला वैकल्पिक खर्च म्हणतात. एक काम स्वीकारताना दुसरे कोणते काम सोडले आणि त्यातून किती मिळाले असते, ते पाहायचे. त्यांचा एक किलोचा केक ८०० रुपयांस जातो. साहित्य, वीज इत्यादी ३५० रुपये वजा केले, तर ४५० रुपये उरतात. आणि त्यास अडीच तास लागतात. म्हणजे ऑर्डरीच्या कामात त्यांचा तास १८० रुपयांचा आहे. शिकवणीत याहून कमी मिळत असेल, तर तेवढा वेळ ऑर्डरी करणेच बरे.

शिकवणीचा तास याहून अधिक मोलाचा धरावा, असे माझे मत आहे. केक करताना केवळ हात चालवावा लागतो. शिकवताना हात, वाणी आणि धीर तिन्ही लागतात. दुसऱ्याच्या हातातील पिशवी किती दाबली जात आहे, मनगट कोठे अडखळते, क्रीम एक मिनिट जास्त फेटले गेले तर ते रवाळ कसे होते, हे क्षणाक्षणाला ओळखावे लागते. म्हणून आम्ही तासाला २५० रुपये धरले. सहा तासांचे १,५०० झाले. त्यांत ७०० मिळवले की २,२००. वाया गेलेले क्रीम, ऐनवेळी गेलेली वीज, चुकलेला स्पंज यांसाठी दहा टक्के म्हणजे २२० रुपये धरावेत. बेरीज २,४२०, सांगण्यास सोपे म्हणून २,४०० रुपये.

हा आकडा ऐकून त्या भगिनी दचकल्या. “एवढे कोण देणार? शहरात पाचजणींच्या वर्गात हजार रुपयांत शिकवतात.” ही तुलना वरवर खरी दिसते, म्हणून ती नीट तपासू. पाचजणींच्या वर्गात तीन तास म्हणजे १८० मिनिटे पाचांत वाटली जातात. प्रत्येकीच्या वाट्याला शिक्षिकेचे ३६ मिनिटांचे लक्ष येते. खासगी पाठात पूर्ण १८० मिनिटे एकीची असतात. तिला दिवस सोयीचा मिळतो, विषय तिच्या आवडीचा असतो, आणि एक फूल दहा वेळा बिघडले तरी कोणी घाई करीत नाही. शिवाय वर्ग घेणाऱ्या बाईंना १,००० प्रमाणे ५,००० रुपये मिळतात. पाचजणींच्या साहित्याचे २,२५० आणि वीज, घसारा इत्यादींचे ३०० वजा केले तरी २,४५० उरतात. म्हणजे हजार रुपयांचा वर्ग त्यांना परवडतो. तेवढ्याच शुल्कात खासगी पाठ मात्र आपल्याला परवडत नाही.

आता भीतीचाही हिशेब करू. शुल्क वाढवल्यामुळे निम्म्या विद्यार्थिनी कमी झाल्या असे समजू. चाळीसऐवजी वीस पाठ होतील. २,४०० प्रमाणे ४८,००० रुपये जमा. साहित्य व वीज पाठास ५०० प्रमाणे १०,०००. घसारा व स्वतःचे शिक्षण पाठ कमी झाले म्हणून कमी होत नाही. ते ८,००० तसेच राहतील. १८,००० वजा जाता ३०,००० उरतात, आणि तास लागतात १२०. पूर्वी २४० तासांत ४,००० मिळत होते. निम्म्या कष्टांत साडेसात पट रक्कम, आणि वाचलेले १२० तास ऑर्डरींसाठी अथवा घरच्यांसाठी मोकळे.

परवडत नसेल तर काय?

लहान गावात २,४०० रुपये देणे काहींना खरोखरच जड जाते. अशा वेळी शुल्क न कापता पाठच लहान करावा. दोन तासांचा पाठ ठेवावा. स्पंजऐवजी थर्माकोलचा डमी वापरावा, आणि पुन्हा पुन्हा वापरता येईल अशा सरावाच्या आयसिंगवर नोझलकाम शिकवावे. तेव्हा साहित्यास १५० व विजेस २५ रुपये पुरतात. घसारा व शिक्षण धरून ३७५ होतात. आदल्या दिवशीचे भाजणे नसल्याने एकूण वेळ साडेतीन तास, त्याचे ८७५. बेरीज १,२५०, दहा टक्के मिळवून १,३७५, म्हणजे सुमारे १,४०० रुपये. विद्यार्थिनीला सरळ सांगावे की यात केक घरी नेता येणार नाही, परंतु हाताला वळण लागेल.

दुसरा मार्ग दोघींनी मिळून शिकण्याचा. नणंद-भावजय किंवा दोन मैत्रिणी एकत्र आल्या, तर दुसरीच्या साहित्याचे ४५० आणि वाढलेल्या दीड तासाचे ३७५, मिळून ८२५. किरकोळ नुकसानीसह ९०० रुपये वाढतात. दोघींचे ३,३००, म्हणजे प्रत्येकी १,६५०. दोघींनाही स्वस्त पडते आणि शिक्षिकेचाही तोटा होत नाही.

जिला पुढे स्वतः ऑर्डरी घ्यायच्या आहेत, तिला सुटा पाठ देऊ नये. चार पाठांचा क्रम द्यावा. पहिल्यात क्रीमचा समतल थर आणि धारदार कडा, दुसऱ्यात नोझलचे काम, तिसऱ्यात गुलाब व इतर फुले, चौथ्यात दोन मजली केकची बांधणी आणि त्याची किंमत काढणे. चार पाठांचे ९,६०० होतात. ठरवण्याचा व सांगण्याचा वेळ वाचतो, म्हणून ८,८०० घेता येतील. ‘आपणच शिकवले तर गिऱ्हाईक तिच्याकडे जाईल’ ही भीती अनेकींना वाटते. जिला शिकायचे आहे ती कोठून तरी शिकणारच. आपल्याकडे शिकली, तर निदान ती आपल्या गावात पडेल भावाने केक विकणार नाही, कारण तिला किंमत काढायलाही आपणच शिकवलेले असेल.

विद्यार्थिनी नेमके काय विकत घेते?

आपल्या घरांतील शिक्षिकेकडे एक ज्ञान असे असते, जे शहरातील मोठ्या वर्गातही सहज मिळत नाही. अंडे टाळले म्हणजे केक शाकाहारी झाला, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु काही प्रकारच्या फॉन्डंटमध्ये व बहुतेक मार्शमॅलोंत जिलेटिन असते, आणि ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून निघते. कार्माइन हा लाल रंग, ज्याचा क्रमांक ई १२० आहे, तो कोचिनियल नावाच्या किड्यांपासून होतो. चकाकणाऱ्या काही गोळ्यांवर शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या किड्याच्या स्रावाचा लेप असतो; त्याचा क्रमांक ई ९०४. फुलांच्या पाकळ्यांना ताठपणा आणणारी सीएमसी पावडर मात्र वनस्पतीच्या सेल्युलोजपासून होते. पाकिटावरील हिरवे चिन्ह कोठे असते, घटकांची यादी कशी वाचावी, ‘विषारी नाही’ असे लिहिलेली चमकी आणि ‘खाण्यायोग्य’ असे लिहिलेली चमकी यांत भेद काय, हे सारे शिक्षिकेने वर्षानुवर्षे पाकिटे वाचून मिळवलेले असते. केवळ वापरलेल्या क्रीमचे पैसे घेतले, तर हे ज्ञान फुकट गेले असे समजावे.

नात्यातील माणसे

सर्वांत अवघड भाग हा आहे. मावसबहिणीकडे पैसे मागायचे कसे? जाऊबाईंच्या भाचीला नाही कसे म्हणायचे? आपल्या समाजात सगळेच एकमेकांचे कोणीतरी असतात, आणि संकोचापोटी निम्मे पाठ निम्म्या शुल्कात दिले जातात.

माझी सूचना अशी. ज्यांच्याकडून घ्यायचे नाही, त्यांच्याकडून काहीच घेऊ नये. ती भेट समजावी आणि आनंदाने द्यावी. मात्र वर्षाला असे किती पाठ देणार, तो आकडा आधी ठरवावा. चाळीसांत चार, असे म्हणू. वहीत त्या पाठापुढे ‘शुल्क २,४००, स्नेहसवलत २,४००’ असे लिहावे. बँकेतसुद्धा व्याजात सूट दिली, तर ती कोणी दिली, किती दिली आणि का दिली, याची नोंद होते. नोंद न करता सोडलेली रक्कम म्हणजे सूट नव्हे, ती गळती. दानाची थोरवी आपल्याला लहानपणापासून शिकवली जाते. पण दान देणाऱ्याला आपण काय देत आहोत, हे ठाऊक असते. स्वतःच्या तासाची किंमत न कळल्यामुळे हातातून जे निसटते, त्याला दान म्हणता येणार नाही.

इतरांना शुल्क सांगण्याची रीतही साधी ठेवावी. कोणी विचारले तर आकडा सांगावा, त्यात काय काय आले ते एका वाक्यात सांगावे आणि थांबावे. “जास्त वाटतं का हो?” असे आपणच विचारू नये. असे विचारले की समोरची व्यक्ती हो म्हणतेच.

लेखी अटी

पुढील गोष्टी एका कागदावर लिहून ठेवाव्यात आणि तोच मजकूर प्रत्येकीला आधी पाठवावा. पाठाचा विषय व वेळ. साहित्य कोणाचे आणि तयार केक कोणाचा. निम्मे शुल्क, म्हणजे १,२०० रुपये, आगाऊ. ते जमा झाल्यावरच दिवस राखून ठेवला जाईल. ४८ तास आधी कळवल्यास दिवस बदलून मिळेल किंवा रक्कम परत मिळेल. त्यानंतर कळवल्यास ७०० रुपये वजा होतील, कारण क्रीम एकदा सैल झाले की पुन्हा गोठवून पूर्वीसारखे राहत नाही आणि स्पंजही भाजून झालेला असतो. पाठानंतर पंधरा दिवस शंकांना उत्तरे मिळतील. एवढे लिहिले की पुढील कटकटी बऱ्याच कमी होतात आणि नातेही शाबूत राहते.

वर्षाचे वेळापत्रकही आखावे. मे महिन्याच्या दुपारी क्रीम उभे राहत नाही, तेव्हा सकाळचे पाठ ठेवावेत किंवा सुट्टी घ्यावी. आपल्यापैकी अनेकींच्या घरी पर्युषणात व दशलक्षणात हे काम बंद असते. दिवाळीत घरचे काम असते. लग्नसराईच्या काही आठवड्यांत ऑर्डरींतून सवड नसते. बावन्न आठवड्यांतून असे बारा आठवडे वजा करून चाळीस पाठ धरले आहेत. जी बावन्न पाठ धरून घसारा वाटील, तिचा हिशेब वर्षाच्या शेवटी तुटीत येईल.

बँक आणि कायदा

शिकवणीची जमा घरखर्चाच्या खात्यात मिसळू नये. स्वतःच्या नावे वेगळे बचत खाते असावे आणि शुल्क शक्यतो त्यातच यावे. रोख आलेले पैसेही भरून टाकावेत. उद्या मोठा ओव्हन किंवा डीप फ्रीझर घ्यायचा झाला, तर बँकेचा अधिकारी प्रथम खातेउतारा पाहतो. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे. जी भगिनी केक विकतेही, तिने अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये आपली नोंदणी करून घ्यावी. सेवा देणाऱ्यास महाराष्ट्रात वर्षाची एकूण उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेल्यावर वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते, त्यामुळे आपल्यासारख्या लहान शिकवण्यांना त्याची धास्ती नको. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असले, तरी आयकराचे विवरणपत्र भरण्याची सवय चांगली. कर्ज मागताना तीन वर्षांची विवरणपत्रे शंभर शब्दांहून अधिक बोलतात.

त्या भगिनीने शिकवणी बंद केली नाही. शुल्क एकदम वाढवणे त्यांना जड वाटले, म्हणून आधी ठरलेल्या विद्यार्थिनींना जुनाच दर दिला आणि नव्या विद्यार्थिनींना २,४०० सांगितले. पहिल्या दोघींनी नकार दिला. तिसरीने विचारले, “आगाऊ कोणत्या खात्यावर पाठवू?” आता त्यांच्याकडे पाठ पूर्वीपेक्षा कमी असतात, ओटा संध्याकाळी मोकळा असतो, आणि मुलाच्या या सत्राच्या शुल्कात त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या खात्यातून भर घातली.

ज्या भगिनी शिकवतात, मग ती केकची सजावट असो, मेंदी असो वा शिवणकाम, त्यांनी या महिन्यात एक काम अवश्य करावे. पुढचा एक पाठ घड्याळ लावून मोजावा. बाजारात जाण्यापासून शेवटचे भांडे पुसेपर्यंतची मिनिटे वहीत लिहावीत. त्या बेरजेने घेतलेल्या शुल्काला भागावे, आणि जो आकडा येईल तो घरातील सर्वांना वाचून दाखवावा. पुढचे शुल्क काय असावे, याची चर्चा त्यानंतर करावी.